बिनशेंगदाण्याची भज्जी

नांदेड
१४ डिसेंबर २०२४

तीर्थरूप आईस,
शिल्पाचा शि. सा. न. वि. वि.

इकडे मी खुशाल आहे. परीक्षा संपत आल्या, तपासायच्या पेपरांचे गठ्ठे तेवढे घरभर पसरलेत. फोनवर तुला एका कानानं अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तू मनानं भरतेस, म्हणून ही गोष्ट मुद्दाम लिहून कळवते.

येळवसला मी एक पाहुणी घेऊन येतेय. मार्ता तिचं नाव, पोर्तुगालची. देशोदेशी फिरते आणि प्रवाशांनी कुठं गेल्यावर काय खाल्लंच पाहिजे, यावर लिहिते. गुरुद्वारा बघायला नांदेडला आली, आमच्या कॉलेजात तिचं भाषण ठेवलं, तिथं ओळख झाली. भारतात काय खायचं हे तिनं आधीच ठरवून आणलं होतं: बिर्याणी, डोसा, जिलेबी. मी म्हटलं, बाई गं, त्या वेळ अमावस्येला आमचं अख्खं लातूर घराला कुलपं लावून रानात, भज्जी म्हणतात ती पंचमेळ भाजी जेवायला जातं, वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाका मारून पंगतीला बसवतात, आणि ते तुला ठाऊकच नाही? हसली, आणि पुढचं तिकीट रद्द करून मोकळी झाली.

एकच सांगणं आहे, ते थट्टेवारी नेऊ नकोस. तिला शेंगदाणा चालत नाही. आवडत नाही असं नव्हे. पोटात गेला तर घसा सुजतो, श्वास कोंडतो, जीवावर बेततं. तेव्हा भज्जीत दाणे नकोत, कूट नको, चटणी नको, शेंगाची पोळी तर नकोच. कोंडाआत्याला नीट समजावून सांग. तिचा हात कुटाच्या डब्याकडे आपोआप जातो.

बाबांना नमस्कार. धाकट्या हरिओमला म्हणावं, मोटारीत कडबा कोंबू नको, आम्ही बसणार आहोत. लोभ आहेच, तो असू दे.

तुझी
शिल्पा

*

शिरूर अनंतपाळ
१९ डिसेंबर २०२४

चि. शिल्पास,
आईचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. हरिओमनं मोठ्यानं वाचलं. तुझे बाबा इतके हसले की ठसका लागला. कोंडावन्सं तर कपाळावर हात मारून बसल्या. म्हणाल्या, शेंगदाण्यानं माणूस मरतो व्हय? मग आपलं गाव कवाच ओस पडायला पाहिजे होतं. गोऱ्या लोकांची नाटकं म्हणून सोडून देत होत्या. मी हरिओमकडून मोबाइलवर त्या दुखण्याचे फोटो दाखवले, सुजलेले डोळे, सुजलेले ओठ. तेव्हा गप झाल्या.

पण पोरी, त्या गप बसण्यानं मला बरं वाटलं न्हाई. दरवर्षी भज्जी त्यांच्या हातची. नवरा गेल्यापासून त्या या घरात आहेत, पण येळवसच्या दिवशी त्या आश्रित नसतात, त्या दिवशी रानातल्या कडब्याच्या खोपीच्या मालकीणबाई त्याच असतात. शेजारच्या बसलिंगप्पांच्या रानातली माणसं आपली पंगत सोडून त्यांच्या भज्जीसाठी येतात. औंदा मी म्हटलं, भज्जी मी करते, तुम्ही आंबील बघा. बरं म्हणाल्या. तेव्हापासून तुरीच्या शेंगा सोलतात ते अशा जोरानं, की दाणे भिंतीवर उडतात.

तू काळजी करू नको. भज्जीत तुरीचे दाणे, हरभरा, वाल, मेथी, चुका घालते. बाजरीचे वाफवलेले उंडे, गव्हाची खीर, भरीत. चटणी कारळाची करते. भांडी राखेनं घासून वेगळी ठेवली. तिच्या देशात परत जाऊन सांगेल असं खाऊ घालते बघ.

थंडी लई आहे. पाहुणीला गरम कपडे आणायला सांग. वाट बघून राहिलेय.

तुझी आई
धोंडाबाई

*

लातूर
१ जानेवारी २०२५

आई,

नमस्कार. मार्ता जिवंत आहे. हे आधी लिहिते, बाकीचं नंतर.

मी फोन उचलत नाही, उचलणारही नाही. बोलायला गेले की रडू फुटतं आणि नको ते तोंडातून जातं. डॉक्टर म्हणतात, आता धोका टळला, तरी अजून नजरेखाली ठेवायचंय. दवाखान्यात कुणीही यायचं नाही.

माझ्या डोळ्यांसमोरून ते हलत नाही. पूजा झाली होती. आंबील प्यायली तेव्हा नाक मुरडून हसली होती आणि पुन्हा वाटी पुढे केली होती. मग भज्जी. पहिली वाटी संपवून दुसरी मागितली, तेव्हा तुझं तोंड केवढं फुललं होतं. आणि मग तिनं गळ्याला हात लावला. मला वाटलं तिखट लागलं. मी पाणी पुढे केलं आणि पाहिलं तर तिच्या मानेवर गांधी उठत होत्या, ओठ माझ्यादेखत जाड होत चालले होते. ती बोलत नव्हती, नुसतं पिशवीकडे बोट करत होती. तिच्या औषधाची सुई मी माझ्या हातानं तिच्या मांडीत टोचली. आई, मी कधी गुराला टोचताना पाहिलं तरी तोंड फिरवते. हरिओमनं मोटार हरभऱ्यातून काढली नसती तर शिरूरचा दवाखानासुद्धा लांब पडला असता. तिथं ऑक्सिजन लावला आणि लातूरला आणलं.

आत्याला मी जे बोलले ते सगळ्या पंगतीनं ऐकलं. बोलले त्याचं मला वाईट वाटत नाही. कूट दुसरं कोण घालणार? नाटकं कोण म्हणालं होतं? तिनं बिचारीनं परक्या देशात आपल्यावर विश्वास टाकून घास घेतला, आणि आपल्या घरात एका म्हातारीला स्वतःचं खरं करून बघायचं होतं. तिला विचार. माझ्यासमोर तिनं तोंड उघडलं नाही, नुसती बघत राहिली.

शिल्पा

*

शिरूर अनंतपाळ
६ जानेवारी २०२५

चि. शिल्पास आशीर्वाद.

ती पोर वाचली, देवाचे उपकार. तुझं पत्र मी एकटीनं वाचलं, कुणाला दाखवलं न्हाई.

मोटार गेली तेव्हा पंगत तशीच उठली. कुणी हात धुतले न्हाईत. बसलिंगप्पा म्हणाले, असं कधी बघितलं न्हाई. तुझे बाबा बांधावर बसले ते उठेनात. आपल्या रानात येळवसला आलेलं माणूस उपाशी गेलं तरी वर्षभर बोलतात, इथं तर जेवून मरायला टेकलं. मला अजून जेवण जात न्हाई.

कोंडावन्संना मी विचारलं. एकदा न्हाई, चारदा. त्यांनी मान हलवून न्हाई म्हटलं, पण डोळ्याला डोळा दिला न्हाई. तेव्हापासून त्या चुलीपाशी येत न्हाईत. गोठ्यात बसतात, भाकरी तिथंच नेऊन द्यावी लागते. गावातल्या बाया विहिरीवर बोलायला लागल्यात की कोंडाबाईनं मडमेला विष घातलं. विठाबाईनं तर तोंडावर विचारलं.

पण शिल्पा, भज्जीपासून मी हलले न्हाई गं. पूजेपुरती तेवढी गेले. मी एक दाणा आत जाऊ दिला न्हाई. डाळी निवडून घेतल्या, कारळ धुऊन वाळवलं, भांडी वेगळी. पाहुणीसाठी दुकानातलं पुड्यातलं तेलसुद्धा वापरलं न्हाई. आपल्या रानातला माल चाकूरच्या लाकडी घाण्यावर देऊन ताजं तेल काढून आणलं होतं, शेंगाचं, वास असा की वाटेनं जाणारा थांबेल. सगळी फोडणी त्याच तेलाची. मग असं कसं झालं? मला काही सुधरत न्हाई.

तिला माझ्याकडून माफी माग. लिहीत जा बाई, एवढी तुटू नको.

आई

*

नांदेड
११ जानेवारी २०२५

तीर्थरूप आईस,
साष्टांग नमस्कार.

आई, खाली बस आणि मग पुढचं वाच.

तुझं पत्र वाचता वाचता मी तेलाच्या ओळीवर आले, पुढे गेले, आणि परत मागे आले. फोन हातात घेतला आणि ठेवला. हे तुझ्या कानात ओरडून सांगण्यासारखं नाही.

तेल शेंगांचं होतं, आई. शेंगदाण्याचं. लाकडी घाण्याचं, न गाळलेलं. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, कारखान्यातलं शुद्ध केलेलं तेल काही जणांना सोसतं, पण घाण्याच्या कच्च्या तेलात दाण्याचा अंश तसाच राहतो. दोन वाट्या पुरेशा आहेत.

तू रडत असशील. रडू नको. मी तुला दाणे सांगितले, कूट सांगितलं, चटणी, पोळी सांगितली. तेल मी लिहिलं नाही. शिकलेली मी, माझ्या डोक्यात आलं नाही. तुझ्या डोक्यात कुठून येणार? आपल्याकडे तेल म्हणजे तेल. तू तर तिच्यासाठी घरातलं सगळ्यात चांगलं काढलंस.

मार्ता काल तिच्या गावी पोचली. जाताना तिला सांगितलं. तिनं माझा हात दाबला. म्हणाली, मी लिहीन की लातूरला गेलात तर येळवसची भज्जी खाच, पण आधी तेल विचारा, कारण ती माणसं तुम्हाला स्वतःपेक्षा चांगलं वाढतात. तू माफी मागितलीस हे सांगितलं, तर तिनं मान हलवली आणि तिला आठवलेला एकच मराठी शब्द बोलली, बास.

आणि आत्या. आई, मी काय करून बसले! सगळ्या रानासमोर. तुला तिनं चारदा नाही म्हटलं, आणि मी खरं काय ते विचारलंसुद्धा नव्हतं. सोबत तिच्यासाठी वेगळी चिठ्ठी ठेवतेय. हरिओमकडून वाचून घे म्हणावं. तिच्या पाया पडायला मी एकोणीस तारखेच्या रविवारी येतेय. तोवर विहिरीवर जाऊन तू स्वतः सांग की चूक तेलाची होती, कोंडाआत्याची नव्हती. माझं नाव घेऊन सांग.

प्रेम आटू देऊ नको.
तुझी
शिल्पा

*

शिरूर अनंतपाळ
१६ जानेवारी २०२५

चि. शिल्पाबाईस,
कोंडाआत्याचा आशीर्वाद. हरिओमला सांगून लिहविते. एक शब्द बदलायचा न्हाई अशी त्याला आण घातली.

तुजी चिठ्ठी ऐकली. धोंडाबाईनं विहिरीवर जाऊन सांगितलं. विठाबाई येऊन माज्या गळ्यात पडली. सगळे म्हणतेत, कोंडाबाईवर खोटा आळ आला. तुजे बाबा स्वतः गोठ्यात आले, म्हणले अक्का, घरात चल.

पोरी, तू पाया पडायला यायच्या आधी हे ऐक.

भज्जी माज्या हातची असती. औंदा काढून घेतली. मला लई लागलं. मोबाइलवरचे फोटू बगितले, पर मन मानंना. मला वाटलं, एवढ्याशानं काय होतंय, आन् खाऊन ठणठणीत राहिली की सगळ्यांची तोंडं बगायची. सकाळी मूठभर दाणे भाजून कुटले आन् पदराच्या गाठीत बांधले. धोंडाबाई पूजेला गेली. मी गाठ सोडली, कूट मुठीत घेतलं, पातेल्यावरचं झाकण काढलं.

तवर ती पाहुणी आली. चुलीपाशी टेकली आन् माजा दुसरा हात हातात घेतला. गोंदण बगत होती. बोटानं एकएक ठिपका शिवत होती, लेकरू शिवतं तसं. मग ह्या हाताकडं बगून हासली, म्हंजी हा बी दाखव. मूठ उघडायची सोय न्हवती. मी हात मागं नेला आन् सगळं सरीत टाकलं. मातीवर पाय फिरवला.

तू वरडलीस तवा मला वाटलं तुला दिसलं. म्हणून मी बोलले न्हाई.

ती आली नसती तर मी टाकलं असतं. त्यात शंका न्हाई. तेलानं झालं का माज्या कुटानं, हे मग कुणाला कळलं असतं? आन् तेवढं जास्तीचं पोटात गेल्यावर तुजी सुई पुरली असती का, हे मी गोठ्यात बसून रोज इचारते. गुरं काय सांगणार.

तवा माफी मागू नको. ती घेऊन ठेवायला माज्यापाशी जागा न्हाई. रागावायचं असंल तर रागाव, पर जे खरं केलं त्यावर रागाव.

ये रविवारी. भाकरी मी करते.

तुजी आत्या
कोंडाबाई

ताई, आत्यानं सांगितलं तसं लिहिलं. मधे माझा पेन थांबला तर म्हणाली, लिही. आईला यातलं काही माहीत नाही. मी सांगतो म्हटलं तर नको म्हणाली, माजं मी सांगते. आता चुलीपाशी गेलीय, आई तिथंच आहे. मला दार ओढून घ्यायला सांगितलंय.

हरिओम