बाबांच्या रापीची फुगीर धार

नागपूर, बुधवार, १२ फेब्रुवारी १९६९

बाबांच्या जोडीने चपला शिवणारे दाजीकाका माझ्यापासून काहीतरी लपवतात, हा संशय आठ दिवसांपासून आहे. बाबांची रापी, कातडे कापायचे ते पाते, तिला धार लावायला मी त्यांच्याकडे शिकतो आहे. ही धार सपाट नसते, मसुराच्या दाण्यासारखी दोन्ही अंगांनी किंचित फुगीर असते. मी पाते दगडावर एकाच कोनात दाबतो आणि ती सपाट करून टाकतो. मनगट झुलवत पाते मागे ओढायचे, एवढे कळले. पण शेवटचे चार हात ओढताना काका नेमकी माझ्याकडे पाठ का करतात?

आज विचारलेच. ज्ञान कोंडून ठेवणाऱ्यांवर सभांतून आयुष्यभर तुटून पडलो, इथे गप्प कसा बसू?

काका हसले. "उजेड खिडकीतून येते गा. धार पाहाले तिकडंच वळा लागते. तुले वाटलं, चोरून ठेवून राहिलो?"

खिडकी खरेच तिकडे आहे. तरी मी उठून पाहिले.

मग तेच म्हणाले, "आता तू सांग. सभेत म्हणतं, बापजाद्याची हत्यारं नाल्यात फेका. आन इथं धार लावाले येतं! काहून?"

दोन दोन तास बोलणारा मी पाते पुन्हा दगडावर ओढू लागलो. बाबांची आठवण म्हणावे, तर तेही पुरते खरे नाही. हे काम माझ्या हाताला आवडते आहे. सभेत हे सांगायची छाती आहे का?

घरी येताना रापी वर्तमानपत्रात गुंडाळली. वस्तीत कोणाला दिसू नये म्हणून.