प्रदक्षिणेच्या दिशेने

सूनबाई, पर्स ठेव, जवळ बस. आज कीर्तनातल्या बुवांची नाही, आपल्याच घरातली कथा सांगते. फोनवर सांगायला जीभ रेटेना.

प्रांजलची आखूड नडगी लांबवायला डॉक्टरांनी हाड कापून पायाभोवती जी रिंग बसवली, तिचे नट रोज फिरवून फट वाढवायचं काम माझं. दिशेचा बाण ड्रेसिंग करताना पुसला गेला. प्रदक्षिणा उलटी कोण घालतं, म्हणून मी नऊ दिवस उजवीकडेच फिरवले, नाम घेत. आज एक्स-रेत दिसलं, हाड पुन्हा मिटलंय. उद्या परत कापणार.

पोरगी म्हणते, "आजी, आईला सांगू, उलटे मीच फिरवले." तू ते ऐकू नकोस.

तिचे कपडे घेऊन हॉस्पिटलात जाते. आमटी झाकून ठेवलीय. दिवा लावशील तेव्हा तिची आठवण ठेव, माझी नाही ठेवलीस तरी चालेल.