मापाची जाहिरात

आदरणीय ओत्ताविओ सर,

काल तुम्ही मला पीएचडीच्या मुलांसमोर 'प्राध्यापकीतल्या संधी' या विषयावर बोलायला उभं केलंत. चौदा वर्षं तासिकांवर शिकवणाऱ्या बाईने संधींवर बोलायचं, म्हणजे गाडी चुकलेल्याने फलाटावर वेळापत्रक वाचून दाखवण्यासारखं. तरी बोलले. शेवटी तुम्ही खिशातून जाहिरात काढून सगळ्यांसमोर वाचलीत: 'पंधराव्या शतकातील वाल्मोरा गावच्या मिठागरांच्या अभ्यासकासाठी कायम जागा.'

"फुल्वियाच्या मापानेच शिवून घेतलीय!" तुम्ही म्हणालात. टाळ्या झाल्या. माझी विद्यार्थिनी गौदेंत्सिया पुढच्या बाकावरून कुजबुजली, "मॅडम, बटणं लागतायत का बघा आधी."

लागतायत, सर. गळ्याशी जरा जास्तच. त्या गावाचं खरं नाव वाल्मारा. वाल्मोरा ही माझ्या प्रबंधातली टंकचूक, आणि तुमच्या जाहिरातीत ती जशीच्या तशी उतरलीय. या जागेला लायक माणूस जगात मी एकटीच, कारण वाल्मोरा हे गावच फक्त माझ्या प्रबंधात आहे.

खरं तर मला त्रिएस्तेच्या शाळेत नोकरी मिळालीय. सकाळी दंगेखोर मुलं, दुपारी समुद्र. उद्यापर्यंत होकार कळवायचाय. पण या जागेसाठी तुम्ही कुणाकुणाच्या पाया पडलात, हे तुमच्या पत्नीने माझ्या आईला सांगितलं, आणि आईने शेजारीपाजारी केक वाटलासुद्धा.

तेव्हा शाळेला नकार कळवते, आणि हे पत्र टाकत नाही. अर्जात गावाचं नाव वाल्मोराच लिहीन. बरोबर लिहिलं तर अपात्र ठरेन.

तुमची,
वाल्मोराची एकमेव रहिवासी,
फुल्विया