सोवळ्यातली बाई

मंगळवार, संध्याकाळ

आज ह्यांची विसराळूपणाच्या आजारासाठी तपासणी झाली. दुसऱ्याच्या मनातलं ह्यांना अजून किती ओळखू येतं, ते बघायचं होतं. डॉक्टरीणबाई एकेक चेहऱ्याचा फोटो दाखवून विचारायच्या, "इनको क्या लग रहा है?" एका फोटोतली बाई नाक मुरडून मागे सरकलेली. किळस, एवढंच उत्तर होतं. हे म्हणाले, "लांब राहा, सोवळ्यात आहे ती." मी बाईंना सोवळ्याचा अर्थ सांगितला. बाई हसल्या, पण उत्तर चूकच धरलं.

का चूक? ब्रह्मा घाटावरच्या आमच्या स्वयंपाकघरात, कुणी शिवेल म्हणून, मी तरी वेगळं काय तोंड करायचे?

घरी येऊन कुकर लावला आणि रडूच फुटलं. तेवढ्यात हे दारात. मी तोंड वळवून मागे सरकले.

"सोवळ्यात आहेस होय? बरं, नाही शिवत."

रडतेय हे कळलंच नाही. परत चूक. पण गेले नाहीत. उंबऱ्याबाहेर पाट ओढून बसून राहिले.

डोळे पुसून मी बाहेर आले, तर हात अर्धवट पुढे करून विचारतात कसे, "आता शिवू?"