सगुणाबाईंचा टॉपर

११ नोव्हेंबर

सगुणाबाई आली! माझ्या खुर्चीत बसली, माझ्या दिव्याखाली, डोक्यावरचा पदर काढून!

हात अजून थरथरतोय, म्हणून अक्षर असं. मराठीत लिहिते ते एका परीनं बरंच. वही क्लिनिकमध्ये विसरली तरी कळणार कुणाला? डॉक्टर हर्षितना "चला" आणि "बसा" एवढंच मराठी येतं.

साडेअकराची वेळ होती. धारहून कुणी बाई येणार एवढंच माहीत होतं. धारला काय केसांचे डॉक्टर नाहीत? पण तिथं कुणी पाहिलं असतं ना! म्हणून दोन-अडीच तास गाडीत बसून देवास. मला ओळखलं नाही. तोंडाला मास्क, केसांवर टोपी, छातीवर नाव "लता". विद्युल्लता हे आजोबांनी ठेवलेलं नाव इथं कुणाच्या जिभेला झेपत नाही. "लता बेटा, ज़रा धीरे से," म्हणाली. बेटा!

धीरेच केलं. चिमटीत पन्नास-साठ केस धरायचे, ओढायचे आणि किती हातात येतात ते बघायचं. चार-पाच आले तर ठीक. तिचे चौदा आले. मी दोनदा मोजले. दुसऱ्यांदा नुसती मजा म्हणून.

डॉक्टरांनी नेहमीचा प्रश्न विचारला — "तीन महीने पहले कुछ हुआ था? बुखार, ऑपरेशन, कोई सदमा?" केसांचं असंच असतं. धक्का आज बसतो, गळतात तीन महिन्यांनी. तोवर माणूस विसरलेला असतो, केस विसरत नाहीत.

"कुछ नहीं," म्हणाली. "घर में शादी है, बस. दौड़धूप."

खोटं. मला खोटं कळतं. खुर्चीत बसून सगळेच बोलतात.

१२ नोव्हेंबर

लिहूनच टाकते एकदाचं. दोन वर्षं कुणाशी बोलले नाही.

धारला सगुणाबाईच्याच घरी माझा साखरपुडा होता. शौर्य तिचा एकुलता एक मुलगा. आमच्या लोकांत होणारी सासू स्वतःच्या हातानं सुनेला वेणी माळते, मगच साखर वाटतात. त्या दिवसांत माझ्या डाव्या कानामागं रुपयाएवढी चाई पडली होती. एमएससीची परीक्षा आणि बाबांचा बायपास एकदमच आले, आणि एक दिवस कंगव्याखाली गुळगुळीत कातडी लागली. आईनं अंबाडा असा घातला होता की कुण्णाला दिसू नये. तर ह्या बाईनं वेणी माळायच्या आधी काटेच काढले! भरल्या बैठकीत! "अगं बाई, हिला तर चाई!" म्हणाली. मग हात मागं घेतला आणि नॅपकिनला पुसला. एकेक बोट.

"रोग लपवून मुलगी देता होय?"

साखरेचं ताट तसंच आत गेलं. आईनं खाली पडलेली वेणी उचलून पर्समध्ये घातली. का, ते तिलाही सांगता येत नाही. बाबा त्या दिवसापासून धारला गेलेले नाहीत. सख्ख्या मावसभावाच्या तेराव्यालासुद्धा नाही.

शौर्य बिचारा खाली मान घालून बसला होता. आईपुढं त्याचं कधी चाललंय? आम्ही परतीच्या वाटेवर होतो तेव्हा त्याचा मेसेज आला — "माफ कर. आईसाहेबांपुढे माझं काही चालत नाही." अजून आहे फोनमध्ये. पुसवत नाही.

आणि रोग कसला, बाई? चाई लागत नाही कुणाला! आपलंच शरीर आपल्याच केसांच्या मुळांवर उलटतं. तेव्हा मला हे माहीत नव्हतं, नाहीतर तिथंच ऐकवलं असतं.

१३ नोव्हेंबर

एकेक बोट पुसलं होतं.

२५ नोव्हेंबर

तिचे रिपोर्ट आले. थायरॉइड ठीक, शरीरातलं लोह तळाला गेलेलं. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, मुळं जिवंत आहेत, सहा-आठ महिन्यांत पुष्कळसे परत येतील. टाळूवर वयानं आधीच विरळ होते, त्यात ही गळती, म्हणून एवढं दिसतं. लोहाच्या गोळ्या, रोज डोक्याला लावायचं औषध, नीट जेवण, झोप.

पुष्कळसे परत येतील! हे ऐकून मला केवढा राग आला, काय सांगू. माझी इच्छा काय, तर एकही येऊ नये. डॉक्टर असं काही बोलतच नाहीत.

"पहले पंद्रह दिन और झड़ेंगे, फिर रुकेंगे," हे मी सांगायचं असतं. औषधानं जुने केस आधी सुटतात, लोक घाबरून बंद करतात. आज मी ते सांगितलं नाही. विसरले म्हणेन.

२७ नोव्हेंबर

फोन करून सांगितलं. कामात खोट नको. तिच्यासाठी माझी नोकरी का घालवू?

१० डिसेंबर

कोपरांवर पुन्हा चट्टे उठलेत. दीड वर्ष नव्हते. आई म्हणाली थंडी आहे, खोबरेल लाव. थंडी नाही ती! धारच्या गाडीची वेळ झाली की खाजवायला लागतं.

डॉक्टर हर्षितनी बघितलं. "लता, क्या टेंशन है?" म्हटलं काही नाही. अगदी तिच्यासारखं!

हे क्लिनिक माझं देणं लागत नाही, मीच ह्याचं लागते. साखरपुडा मोडल्यावर चाया तीन झाल्या. आईनं कांद्याचा रस चोळला, लसूण चोळला, जास्वंदीचं तेल झालं. नेमावरला नेऊन नर्मदेत तीन बुडक्या मारून आणलं. काकू म्हणाली, वस्तरा फिरवा, दाट येतील. कांद्यानं नुसती आग झाली आणि घरभर वास. मग इथं आले. चाईत बारीक सुईनं इंजेक्शनं, दर महिन्याला, सहा वेळा. आधी पांढरी लव आली. मी आणि आई आरशासमोर उभ्या राहून रडलो. मग काळे आले. सातव्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, पेशंटांशी छान बोलतेस, इथंच काम कर.

पेशंटांशी छान बोलते मी. एक सोडून.

२९ डिसेंबर

आज कळलं घरात लग्न कुणाचं ते. शौर्यचं! २० फेब्रुवारीला. मुलगी राजगढची, अनन्या. फोनवर फोटो दाखवला मला. मला! "बाल देखो, कितने लंबे हैं." गुडघ्यापर्यंत आहेत खरे. हिच्या अंबाड्याचे काटे काढले असणार आधी.

मग मुद्द्यावर आली. लग्नाच्या आदल्या दिवशी सीमांतपूजन. त्यात विहीण विहिणीला वेणी माळते. चारशे माणसं, राजगढची सगळी बायकामंडळी, आणि हिची टाळू उघडी! "बेटा, कुछ करो," म्हणाली. आवाज बारीक झाला होता.

डॉक्टरांनी टॉपर सुचवला. खऱ्या केसांचा तुकडा असतो, टाळूवर ठेवून चार क्लिपांनी अडकवायचा. रोज नको, मुळं ओढली जातात, एक दिवसाला चालतो. माप मी घेतलं.

देवाच्या काठीला आवाज नसतो म्हणतात. नसू दे. ह्या वेळी काठी माझ्या हातात आहे आणि आवाज चारशे लोकांत होणार आहे!

१७ जानेवारी

टॉपर आला. सुंदर आहे. काळ्यात थोडे पांढरे मिसळलेले, हुबेहूब.

क्लिपांच्या आत रबराची पट्टी असते, तिच्यामुळं केसांवर पकड बसते. पुढच्या दोन क्लिपांच्या पट्ट्या मी चिमट्यानं काढल्या. मागच्या दोन्हींचे दात जरा वाकवले. घातला की बसतो. चाललं, मान हलवली तरी बसतो. अंबाड्यात काटा खुपसून वेणी ओढली की नाही बसायचा. क्लिनिकमधल्या डोक्याच्या पुतळ्यावर तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा निघाला.

असं करताना हात जरासुद्धा थरथरला नाही. हे मला लिहून ठेवायचं होतं.

२ फेब्रुवारी

टॉपर घालायला शिकवलं. आरशात बघत राहिली कितीतरी वेळ. गळती थांबलीय, भांगाशी पेरभर नवे केस उभे राहिलेत, तेही मी दाखवले. काम म्हणजे काम.

जाताना पिशवीतून मांडूची इमली काढून दिली, ती मोठी खुरासानी, गोरखचिंच. "तुम्हारे लिए." मग दारात थांबून म्हणाली, "टोपी के नीचे तुम्हारे बाल अच्छे होंगे, नहीं?"

मी म्हटलं, "जी, अब अच्छे हैं."

क्षणभर वाटलं, टॉपर मागून घ्यावा. चुकून दुसरा दिला म्हणावं. तोंड उघडलंसुद्धा. पण तिनं दाराच्या मुठीला हात लावला आणि सवयीनं बोटं पदराला पुसली, एकेक. गेलं सगळं! जा, बाई, जा. माळून घे वेणी.

इमली कचऱ्यात टाकली. मग काढून आईला दिली. आईला आवडते.

१९ फेब्रुवारी

आज सीमांतपूजन. सहाचा मुहूर्त. मी एका मुलाच्या भुवईत इंजेक्शनं द्यायला डॉक्टरांना मदत करत होते आणि घड्याळाकडं बघत होते. सुमंगलाताई, माझी धारची मावसबहीण, तिला बोलावणं आहे. म्हटलं होतं, काही विशेष घडलं तर फोन कर. "काय घडणार?" म्हणाली. "उगीच, लग्नाची गंमत!" म्हटलं.

साडेसात. फोन नाही.

कोपर रक्त येईपर्यंत खाजवलं.

२१ फेब्रुवारी

झालं! झालं! झालं!

सुमंगलाताईचा फोन आला, तीस मिनिटं बोलली. राजगढच्या विहिणीनं वेणी माळली, काटा ओढून घट्ट केला आणि सगळा टॉपरच तिच्या हातात आला! बाई किंचाळली म्हणे. तिला वाटलं आपण केस उपटले. पोरी फोन काढून उभ्या. कुणीतरी "टकली" म्हणालं, कुणीतरी हसलं. अगदी मला हवं होतं तसं, तंतोतंत!

"मग रडली का?" मी विचारलं.

"छे! टॉपर विहिणीच्या हातातून घेतला, रुमालासारखी घडी केली, मांडीवर ठेवला. म्हणाली, आहेत तेवढ्यांतच माळा. आणि मान पुढं केली."

रडली नाही. एवढंसुद्धा नाही! सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते हेच. आणि शौर्य? "तो मोबाईलमध्ये बघत होता," ताई म्हणाली. लाजला असेल बिचारा.

मिठाईवाल्याकडून मावाबाटी आणली. आईनं विचारलं, कशाबद्दल? म्हटलं, खावीशी वाटली. दोन खाल्ल्या. तिसरी खाताना चव लागली नाही, पण खाल्ली.

२२ फेब्रुवारी

दोन वर्षं वाट पाहिली ह्या दिवसाची. आनंद व्हायला हवा. झालाय. झालाच आहे!

"मान पुढं केली" हे सारखं कानात येतं.

३ मार्च

सगुणाबाई आल्या होत्या. पदर नाही, टॉपर नाही. डॉक्टर यायच्या आधी मराठीत म्हणाल्या, "विद्युल्लता, मास्क काढ. पहिल्या दिवशीच ओळखलं होतं तुला. चार वेळा बोलायचं ठरवून आले, तोंड उघडलं नाही."

क्लिपांबद्दल अवाक्षर नाही.

"बोटं पुसली, ते माझं पाप. पण लग्न शौर्यनं मोडलं. आई, तू मोड, म्हणाला. पोराचा वाईटपणा आईनं घ्यायचा, ही आमच्या घरची रीत. घेतला. ऑगस्टमध्ये अनन्याचंही तेच म्हणायला लागला. ह्या वेळी मी नाही म्हटलं. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. तुमच्या डॉक्टरांनी पहिल्या दिवशी विचारलं होतं ना, त्यांना सांग, तीन महिन्यांपूर्वी हे झालं होतं."

मी म्हटलं, खोटं आहे. चाई तुम्ही शोधलीत.

"मी कुठली शोधते? डाव्या कानामागं बघ, असं तोच सांगून गेला होता."

ती जागा मी एकाच माणसाला दाखवली होती. त्यानं तिथं ओठ टेकले होते.