विहिरीचं पान

अब्बा, इथे सौदीत, रास तनुराच्या तेल रिफायनरीत मी पाइपांची जाडी मोजते. खाऱ्या हवेने लोखंड किती झिजलं, तो आकडा येतो तसा लिहिते. आज डबा खाताना माझ्यासोबतची रोमानियन इंजिनिअर तिच्या जुन्या प्राध्यापकाबद्दल सांगत होती. मोठा इतिहासकार, पुढे मंत्री झाला. "आधी राजांच्या चुका काढायचा. मंत्री झाल्यावर स्वतःची जुनी पुस्तकं दुरुस्त करत बसला." सगळे हसले. "तुझे वडील काय करायचे?" "इतिहास शिकवायचे," म्हटलं आणि डबा बंद केला. निवडणुकीचं सांगितलं नाही.

तेव्हा मी तेरा वर्षांची. स्वयंपाकघरातल्या टेबलावर कॉम्प्युटर, अम्मी तांदळाच्या भाकऱ्या थापतेय, तुम्ही आपल्या बंदराच्या इतिहासाचं पुस्तक तोंडी सांगताय, मी टाइप करतेय. एकदा मी 'बहुधा' लिहिलं, तर केवढे ओरडलात. "बहुधा म्हणजे काय गो? कागद पाहिलास तू?" विहिरीचं दानपत्र सापडलं त्या दिवशी तुम्ही मला तुमचं पेन दिलंत. एका तांडेलाच्या, गलबताच्या कप्तानाच्या, विधवेने विहीर खोदून सगळ्या गावाला दिली होती. मग तुम्हाला तिकीट मिळालं. विहिरीभोवतीची जमीन ज्यांची, त्यांच्याच जीपमधून तुम्ही प्रचाराला फिरत होता. पुस्तक छपाईला जाण्याच्या आदल्या दिवशी माझ्या मागे येऊन उभे राहिलात. "विहिरीचं पान काढ." "पण कागद आहे ना, अब्बा?" "काढ म्हटलं ना." मी काढलं, पुढच्या पानांचे आकडेही नीट लावले. तुम्ही निवडून आलात आणि दोन वर्षांत गेलात.

मागच्या जुम्याला मामूंचा फोन आला. विहिरीला कुंपण पडलंय. कोर्टात ते जमीनवाले तुमचंच पुस्तक दाखवतात, यात विहीर गावाची असं कुठे लिहिलंय म्हणून. मूळ दानपत्र वाळवीने खाल्लं. "तू टाइप करायचीस ना गो? झेरॉक्स-बिरॉक्स हाय काय तुझ्याकडं?"

आहे. इकाम्यासाठी, इथल्या राहण्याच्या परवान्यासाठी, साक्षांकित करून आणलेल्या डिग्रीच्या फाइलमध्येच आहे. पण त्या झेरॉक्सच्या मागे तुमच्या अक्षरात एक शब्द आहे, 'वगळावे'. खाली सही.

मी मामूंना नाही म्हटलं. ते म्हणाले, "खैर. तुझे अब्बा असते तर कोर्टात उभं राहून त्यांनीच सांगितलं असतं."

हे पत्रही त्याच फाइलमध्ये जाईल. सगळा दोष तुमच्यावर टाकायचा म्हणून लिहायला बसले होते. पण तेव्हा ते पान काढायला तुम्हाला मला दोनदा सांगावं लागलं होतं. या वेळी कुणी सांगितलंही नव्हतं.