मारेगावच्या बरणीतली चिठ्ठी

सर, तुमच्या बरण्या माझ्याकडे आल्यात. तुम्ही गेल्यावर कॉलेजनं त्या बरीच वर्षं कपाटात ठेवल्या आणि आता आमच्या संस्थेत पाठवून दिल्या. स्पिरिटमधले तुमचे रानउंदीर आहेत तसेच आहेत. मी हल्ली उंदराच्या शेपटीचा तुकडा घेऊन त्याचा डीएनए वाचते आणि कोण कोणत्या कुळातून फुटला ते लावते. तुम्हाला आवडलं असतं.

घाटंजीचा आणि मारेगावचा उंदीर दिसतो सारखा, पण कुळं वेगळी, असं तुम्ही म्हणायचात. पुरावा काय, तर दोघांच्या बिळांची तोंडं वेगळी. सगळे हसायचे, मीही. बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या वर्षी आपण मारेगावला एका शेताच्या धुऱ्यावर पिंजरे लावतोय. कापूस वेचणारी एक बाई येऊन उभी राहते. "सर, आमच्या कापसाले काही औषध काढा ना. उंदीर कायले पकडून राह्यले?" तुम्ही मान वर करता. "औषध मले येत नाही, बाई. येते तेच करून राह्यलो." त्या दुपारी तुम्ही डबा उघडला नाही.

बरणीतली चिठ्ठी पेन्सिलीनंच लिहायची, स्पिरिटमध्ये शाई उतरते, हे तुम्ही मला शंभरदा बजावलं होतं. पण वर्गात पहिली आले म्हणून तुम्हीच दिलेलं शाईचं पेन मला मिरवायचं होतं. आठवड्यानं पाहिलं तर दोन बरण्यांतलं स्पिरिट निळं आणि चिठ्ठ्या कोऱ्या. तुम्ही यायच्या आत मी स्पिरिट बदललं आणि अंदाजानं नव्या चिठ्ठ्या टाकल्या, एक घाटंजी, एक मारेगाव. पेन्सिलीनं. तुम्ही बरणी उजेडात धरून म्हणालात, "आता कशी शिकली पोरगी!" मला फार लाज वाटली, पण मी बरणी तुमच्या हातून घेऊन फळीवर ठेवली.

सर, तुमचं खरं निघालं. आम्ही नव्यानं पकडलेल्या उंदरांत दोन कुळं स्वच्छ दिसतात. फक्त तुमच्या त्या दोन बरण्या उलट्या पडतात, घाटंजीच्या चिठ्ठीखाली मारेगावचं कूळ आणि मारेगावच्या चिठ्ठीखाली घाटंजीचं. आमच्या शोधनिबंधात सहकाऱ्यानं लिहिलंय, नमुने गोळा करणाऱ्याची चूक, त्यामुळे त्यांच्या वह्यांतल्या नोंदी धरलेल्या नाहीत. तुमच्या आयुष्यभराच्या वह्या. ते वाचून मी पान उलटलं.

निबंध उद्या जायचा आहे. आज त्या वाक्यापुढे समासात मी 'चूक माझी' एवढं लिहिलंय. हे पत्र कुठं जाणार नाही, म्हणून तुम्हाला सांगते. समासातलं ते पेन्सिलीनं लिहिलंय, सर. खोडता येईल म्हणून.